बरणीतला चतकोर

माझ्या बहिणीला समुद्रात उतरवलं ते मी. मी हमी दिली म्हणून ती पोहायला शिकली, आणि मी हमी दिली म्हणूनच ती दुसऱ्या बायकांना शिकवायला लागली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मला बिचारी म्हणणार नाही. बिचारी म्हटलेलं मला अजिबात खपत नाही.

मी जेलीफिश ओळखते. एवढाच माझा धंदा. सागरी प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीपाशी, भिंगाखाली पांढरा ट्रे ठेवून मी सव्वीस वर्षं बसले आहे. समुद्रात जे जे पारदर्शक आणि लिबलिबीत तरंगतं ते सगळं लोकांच्या लेखी जेलीफिश. तसं नसतं. खरे जेलीफिश म्हणजे स्कायफोझोआ नावाचा एक वर्ग. छत्रीसारखी घंटा, तिच्या मधोमध खाली लोंबणारं तोंड, तोंडाला झालरीचे चार हात, आणि वरून पाहिलं की घोड्याच्या नालेसारखी दिसणारी चार जननेंद्रियं. घंटेची कड कातरलेली असते आणि तिच्या खाचांमध्ये बारीक इंद्रियं बसलेली असतात. त्यांच्यामुळे प्राण्याला वर कुठे, खाली कुठे, उजेड कुठे हे कळतं. आम्ही त्यांना मणी म्हणतो. खऱ्या जेलीफिशला मणी बहुधा आठ.

बॉक्स जेलीफिशचा वर्गच निराळा. त्यांची घंटा डब्यासारखी चौकोनी, तंतू फक्त चार कोपऱ्यांतून निघतात आणि मणी चारच, चार सपाट बाजूंच्या मध्यावर एकेक. आमच्याकडच्या खऱ्या जेलीफिशने फार तर दोन दिवस खाज सुटते. बॉक्स जेलीफिशच्या काही जाती माणूस मारतात, आणि त्याला फार वेळही लावत नाहीत. पण ते आमच्या किनाऱ्यावर नाहीतच, असं मी आल्यागेल्याला सांगत असे. विचारलं नाही तरी सांगत असे.

आता आमची पद्धत सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. आमच्याकडे अख्खा जेलीफिश कधी येत नाही. प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा बरण्या कमी आणि फॉर्मॅलिन त्याहून कमी, म्हणून आमच्या सरांनी नियम घालून दिला: बोटीवरच प्राण्याचे चार सारखे भाग करायचे, एक बरणीत घालायचा, तीन समुद्रात परत टाकायचे. प्राणी चारही बाजूंनी सारखा, मग चौथ्या भागात सगळं आलंच, असं सरांचं म्हणणं. तंतू एकमेकांत अडकून गुंता होतो म्हणून तेही बोटीवरच छाटायचे. अशा भागाला आम्ही चतकोर म्हणतो. पुढे बरण्या भरपूर आल्या, कपाटं आली, थंड खोली आली, पण चतकोर राहिला. सर आता एकाहत्तर वर्षांचे आहेत, पगार घेत नाहीत, रोज दहाच्या ठोक्याला येतात, आणि त्यांचा नियम बदलायची कोणाची छाती नाही. माझी तर नाहीच. मला त्यांनीच घडवलं.

कापायचं काम बोटीवरच्या सुरीकाकांचं. सुरी अशी फिरायची की प्रत्येक चतकोरात एक जननेंद्रिय अखंड राहावं. त्यामुळे चतकोराच्या कडेवर मधोमध एक मणी अख्खा मिळे, आणि दोन्ही टोकांना, सुरी गेली तिथे, एकेक अर्धा चिरडलेला. एक अख्खा आणि दोन अर्धे म्हणजे दोन, गुणिले चार, आठ. चिरडलेले अर्धे मणी भिंगाखाली कधी दिसत, कधी दिसत नसत. दिसले नाहीत तर कार्डावर लिहायचं, ‘कापताना नष्ट’. हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की माझा हात ते झोपेतही लिहील.

धाकटी माझ्याहून सात वर्षांनी लहान. तिला पाण्याची भीती नव्हती, पाण्यातल्या न दिसणाऱ्या गोष्टींची होती. समुद्राकाठी राहून चाळिशीपर्यंत ती घोट्याच्या वर कधी भिजली नाही. शेवटी मी तिला एक दिवस प्रयोगशाळेत आणलं, ट्रेमध्ये चतकोर ठेवला आणि तिचं बोट धरून त्याच्यावर टेकवलं.

“शी! थंडगार आहे गं,” ती म्हणाली. “एवढंच? आणि बाकीचा?”

“बाकीचे तीन ह्याच्यासारखेच.”

“तुला काय माहीत? तू पाहिलेस?”

“तू मला माझं काम शिकवू नकोस.”

ती हसली, आणि पुढच्या आठवड्यात पाण्यात उतरली. दोन वर्षांत माशासारखी पोहायला लागली. आता पन्नाशीच्या पुढच्या अकरा बायकांना ती समुद्रात पोहायला शिकवते. पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई आहेत, बेकरीवाली आहे, एक शिवणकाम करणारी आहे जी पाण्यातही तोंड बंद ठेवत नाही. रोज सकाळी दहा ते अकरा. या वर्गाने धाकटीला माणसात आणलं. तिच्या घरी दुसरं कोणी नाही, मीच काय ती.

या हंगामात किनाऱ्यावरून तक्रारी यायला लागल्या. पोहणाऱ्यांच्या अंगावर लाल वळ उठत होते. एक मासेमार तीन दिवस अंथरुणाला खिळला. मी म्हणाले, त्याचं वय बघा, त्याचं पिणं बघा. पोहणं बंद करायचं का, असं किनारा समितीने लेखी विचारलं. त्या महिन्यात बोटीवरून तेवीस चतकोर आले होते. कड थोडी गुळगुळीत होती, आतल्या बाजूला पातळ पडदा वळलेला होता, नालेचा आकार नीट दिसत नव्हता. फॉर्मॅलिनने आकसलं असेल, असं मी धरून चालले. मणी मधोमध एक, टोकांना काही नाही. कापताना नष्ट. तेविसांच्या तेवीस. मी एका दुपारी अहवाल लिहून टाकला: खरे जेलीफिश, त्रास किरकोळ, पोहण्यास हरकत नाही. खाली सही ठोकली. समितीने तो काचेच्या चौकटीत घालून किनाऱ्यावरच्या चौकीच्या भिंतीवर लावला. धाकटीने त्याचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आमच्या घरातल्या शास्त्रज्ञ!’ मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू.

मग तो दिवस उजाडला. सुरीकाकांचं मनगट आदल्या दिवशी दोरात अडकून मुरगळलं होतं, म्हणून बोटीवरच्या इंजिनवाल्याने सुरी चालवली होती. तो इंजिन खोलण्यात वाघ, पण त्याने कापलेला चतकोर म्हणजे नुसता आनंद. चौथा भाग कसला, जवळजवळ अर्धा प्राणी बरणीत कोंबला होता. दहा वाजून पाच मिनिटांनी मी तो ट्रेमध्ये काढला आणि मनातल्या मनात इंजिनवाल्याच्या नावाने खडे फोडले.

कडेवर एक मणी होता. बोटभर अंतरावर, जिथे एरवी सुरी फिरलेली असते आणि काहीच उरत नाही, तिथे या वेळी सुरी फिरलीच नव्हती. कड शाबूत होती. तिथे दुसरा मणी असायला हवा होता, धडधडीत, अखंड. तिथे मणी नव्हता. एक जाड मांसल ठोकळा होता, खाली छाटलेला. मी चिमट्याने त्याला हलकेच वर उचललं आणि ट्रेमधली ती लिबलिबीत चादर त्या ठोकळ्यापाशी दुमडली. काटकोनात. तो कोपरा होता. पुढे आणखी बोटभर अंतरावर, दुसऱ्या सपाट बाजूच्या बरोब्बर मध्यावर, दुसरा मणी होता.

हा बॉक्स जेलीफिश होता. सुरीकाका खऱ्या जेलीफिशसारखंच त्यालाही चार ठिकाणी कापत होते. मऊ प्राणी जिथे सहज दुमडतो तिथेच, म्हणजे कोपऱ्यांवर, त्यांची सुरी जात होती. कोपरे सुरीखाली जात होते, तंतू समुद्रात जात होते, आणि माझ्यासमोर येत होती ती नुसती एक सपाट बाजू, मधोमध एक मणी घेऊन.

सर शेजारच्या टेबलावर पेन्सिलीला टोक काढत होते. मी त्यांना बोलावलं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

“एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही,” ते म्हणाले. “विकृत प्राणीही असतात.”

“सर, किनाऱ्यावर माणसं पाण्यात आहेत आत्ता.”

“मग तर जास्तच जपून. आज बंद करा म्हणून सांगशील आणि उद्या सुरू करा म्हणून सांगशील, आपलं हसं होईल. जुने नमुने काढ. कडा तपास. खात्री कर आणि मग बोल.”

मी तेव्हाच फोन उचलायला हवा होता. मी उचलला नाही. सर बोलले म्हणून नाही, ते निमित्त. माझी सही भिंतीवर टांगलेली होती आणि ती चुकली असेल हे मला स्वतःशी मान्य करायचं नव्हतं. मी थंड खोलीत गेले. पहिली बरणी काढली, टोकं भिंगाखाली धरली. चिरडलेला मणी नव्हता, मण्याची खाचही नव्हती, जाड ठोकळ्याचा अर्धा भाग होता. दुसऱ्या बरणीत तेच. मला वाटलं, तिसऱ्यात निराळं निघेल. चौथ्यात निघेल. सातव्यातही तेच. नवव्या बरणीनंतर मी घड्याळ पाहिलं. दहा पस्तीस झाले होते. नऊ बरण्या आणि अर्धा तास, तेही काय बघायला, तर पहिल्या ट्रेमध्ये जे दिसलं होतं तेच.

धाकटीचा फोन वाजत राहिला. वाजणारच, तो तिच्या पिशवीत, पिशवी कपाटात. मग मी किनाऱ्यावरच्या चौकीत लावला. जीवरक्षकाने उचलला.

“सगळ्यांना बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता,” मी म्हणाले.

“कोण बोलतंय?”

“प्रयोगशाळेतून बोलतेय. पाण्यात विषारी जेलीफिश आहेत.”

“अहो बाई, प्रयोगशाळेचा कागद माझ्या डोक्यावर टांगलाय. वाचून दाखवू? पोहण्यास हरकत नाही. सही आहे, शिक्का आहे.”

“ती माझीच सही आहे!”

“मग तुम्हीच ठरवा काय ते. गेल्या आठवड्यात एकाने असाच फोन करून शार्क आला म्हणून सांगितलं होतं. मला लेखी द्या, मी शिट्टी मारतो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण कोणावर चिडायचं? तो माझ्याच कागदावर विश्वास ठेवून बसला होता. चप्पल बदलायचीही राहिली, प्रयोगशाळेतल्या रबरी सपाता तशाच पायांत, मी जिना उतरले आणि टॅक्सीत बसले. सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा चालक आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, एवढी घाई असेल तर जरा आधी निघायचं.” एरवी मी त्याला सोडला नसता.

किनाऱ्यावर ऊन होतं आणि समुद्र इतका शांत की बघणाऱ्याला उतरावंसं वाटावं. अकराला सात मिनिटं कमी होती. बारा टोप्या पाण्यावर ओळीने डुलत होत्या, अकरा पिवळ्या आणि एक लाल. लाल धाकटीची. मी चौकीत शिरले, जीवरक्षकाच्या गळ्यातली शिट्टी दोरीसकट ओढली आणि स्वतःच फुंकली. माझा अवतार पाहून बहुधा त्याची खात्री पटली, कारण पुढच्याच क्षणी तो माझ्या पुढे धावत होता.

बायका बाहेर यायला लागल्या. बेकरीवाली आली, शिवणवाली बडबडत आली, “काय झालं? आग लागली का कुठे?” मी टोप्या मोजत होते. नऊ, दहा. पोस्टवाल्या बाई मागे राहिल्या होत्या, त्यांना दम लागतो. धाकटी त्यांच्या मागे होती, त्यांच्या कमरेला हात देऊन पुढे ढकलत होती. तिने मला पाहिलं आणि हात वर केला. पाणी तिच्या छातीपर्यंत होतं.

“ताई! आज इकडे कुठे?”

“ये बाहेर! पटकन ये! बोलू नको!”

“अगं हो, येतेय ना! यांना आधी—”

तिचं वाक्य तुटलं. ती ओरडली नाही. तिने खाली पाण्यात पाहिलं, एकदा, नीट, आणि तिच्या चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य होतं. मग तिने पोस्टवाल्या बाईंना दोन्ही हातांनी जोरात पुढे लोटलं. जीवरक्षकाने बाईंना ओढलं, मागे जाऊन धाकटीला ओढलं, आणि वाळूवर आणून ठेवलं तेव्हा तिचे दात एकमेकांवर आपटत होते.

तिच्या मांडीवर आणि पोटरीवर वळ उठले होते, लांबच लांब, आणि प्रत्येक वळावर बारीक आडव्या रेघा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. हे मी पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं. चौकीत व्हिनेगर होतं, ते आम्ही ओतलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. बायका टोप्या न काढता भोवती उभ्या होत्या. अर्धा तास आधी फोन केला असता तर ती या वेळी टॉवेलने केस पुसत मला नावं ठेवत उभी असती. त्या नऊ बरण्या मला या जन्मी विसरता येणार नाहीत.

“ताई,” ती म्हणाली, “हे... खाजतं म्हणालीस ना?”

“मी चुकले गं. माझं चुकलं. अहवाल चुकला.”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिला मी काय म्हणतेय तेच कळत नव्हतं. मी आणि चुकणं, हे तिने कधी ऐकलेलंच नव्हतं. मग तिला श्वास पुरेना, आणि तिने माझी बाही घट्ट धरून ठेवली.

रुग्णवाहिका आली. आतल्या परिचारिकेने ऑक्सिजन लावला. मी चढायला गेले तर तिने हाताने अडवलं. जागा नव्हती, तिला दोन्ही बाजूंनी काम करायचं होतं. “डॉक्टर तुम्हाला फोन करतील,” ती म्हणाली. “कोणता प्राणी ते तुम्हालाच माहीत ना? फोन हातात ठेवा.” दार बंद झालं.

मी चौकीच्या पायरीवर बसले. बेकरीवालीने माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, मी भिजले नव्हते तरी. पोस्टवाल्या बाई नुसत्या रडत होत्या. चौदा मिनिटांनी फोन वाजला.

“तुम्ही त्या प्रयोगशाळेतल्या?” डॉक्टर भराभर बोलत होते. मागे यंत्रांचे आवाज येत होते. “कोणता प्राणी?”

“बॉक्स जेलीफिश.”

“नक्की?”

“नक्की.”

“त्यात दोन प्रकार असतात, बरोबर? आमच्याकडे जे औषध आहे ते त्यातल्या एकालाच लागू पडतं. दुसऱ्याला उलटा उपचार, रक्तदाब खाली आणावा लागतो. मला लगेच ठरवायचंय. वरिष्ठ विचारतायत, प्रत्येक कोपऱ्यातून तंतू किती? एक, की बरेच?”

माझ्या डोळ्यांसमोर तेवीस बरण्या उभ्या राहिल्या. आणि तो चोविसावा, छाटलेला ठोकळा.

“सांगता येणार नाही,” मी म्हणाले. “आम्ही तंतू छाटतो.”

“काय करता?”

“बोटीवरच छाटतो. ठेवायला जागा नसायची म्हणून.”

“बाई, तुम्ही सव्वीस वर्षं हेच काम करताय असं मला सांगण्यात आलंय. आठवून सांगा. प्राणी कसा दिसतो?”

“मी अख्खा प्राणी कधी पाहिलाच नाही.”

पलीकडून कोणीतरी ऑक्सिजनचे आकडे ओरडून सांगत होतं, आणि आकडे उतरत होते.

“मग पाहिलाय कोणी?” डॉक्टरांनी विचारलं. “तिथे किनाऱ्यावर कोणी पाहिलाय?”

“माझ्या बहिणीने पाहिला,” मी म्हणाले. “तिने खाली पाण्यात पाहिलं होतं, नीट पाहिलं होतं. तुमच्यासमोरच आहे ती. तिला विचारा ना.”

डॉक्टर म्हणाले, तिला आता बोलता येत नाही.